आईची खोली

चिपळूण

प्रिय विन्या,

गणपतीपासून माझं पत्र नाही म्हणून तू फुगून बसला असशील. बस. पण आज जे झालं ते तुलाच कळेल.

माजघराशेजारच्या खोलीचा गिलावा आज उतरवला. अण्णाकाकांनी हौसेने मारून घेतलेलं ते सिमेंट. गवंड्याने छिन्नी टेकवली आणि परातीएवढा पोपडा आपणहून खाली आला. मागे जांभा ओलाचिंब. बोट दाबलं तर चिऱ्याची लाल माती नखात भरली. ऐन एप्रिलात, विन्या! कमरेपर्यंत क्षारांचा पांढरा लोणा. आणि वर, जिथे आजोबांचा १९२१ चा चुना अजून शिल्लक आहे, तिथे चिरा कोरडा ठणठणीत.

जोत्यातून ओल पूर्वीही चढायचीच, पण चुन्यातून वाळून जायची. सिमेंटने तिची वाट अडवली, मग ती आत कोंडून वर चढत राहिली आणि क्षारांनी चिऱ्याची साल काढली. हेच मी सांगलीला होस्टेलवर म्हणालो तेव्हा ‘चुना पानाला लावतात’ म्हणून तू सगळ्यांना हसवलं होतंस, आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं होतं. आता ये आणि ही भिंत बघ.

दादा म्हणतो, खोली पाडू, स्लॅब टाकू. आईची काळजी त्यालाही आहे, म्हणूनच घाई. पण ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा खिडकीवर एक भेग पडली, तेवढीच. ती पुढे वाढलेली नाही. अशी भिंत मी पाडू देणार नाही. (दादाने कौलावरचा बासेल मिशनचा १८६५ चा शिक्का बघून घर दीडशे वर्षांचं ठरवून टाकलंय. ते साल कारखान्याचं, हे त्याला अजून पटत नाही. गावभर सांगून झालंय.)

भिंतीचं मी निभावेन. चुना भिजत घातलाय, म्हातारा गवंडी मिळालाय, मिरगाआधी एक हात तरी बसेल. झोप उडालीय ती तुळईने. ओल्या भिंतीत गेलेलं तिचं टोक सुताराने पटाशीने टोचलं, तर पटाशी अर्धी आत गेली. बाकीची तुळई खणखणीत वाजते. सुतार म्हणतो कुजलेलं टोक कापू, किंजळीच्या लाकडाचा तुकडा जोडू, पट्ट्या-बोल्ट मारू. दादाला लोखंडी गर्डर हवाय. आणि आई? ‘माझी सगळी बाळंतपणं इथेच झाली, मी हलत नाही,’ म्हणते. खाली टेकू लावलाय, तरी रात्री दोनदा उठून बघून येतो. कौलांचा सगळा भार त्या टोकावर आहे रे.

आईचे गुडघे तसेच. माझी शुगर ठीक.

चिनूच्या ॲडमिशनचं काय झालं? वहिनींची बदली टळली का? मस्कतला उन्हाळा सुरू झाला असेल, जपून राहा.

तुळईचे फोटो आणि मापं सोबत पाठवतोय. गाळा अकरा फुटांचा आहे. जोड केवढा लांब ठेवायचा, आणि तो भिंतीपासून किती आत यावा, हे बघून सांग. फोनवर नको, कागदावर लिहून सही कर. माझं दादा ऐकत नाही, इंजिनियरचं ऐकतो. सुतार सोमवारी येतोय.

तुझा,
बाळ्या