काका, त्या फोटोखाली तुमचंही नाव हवं होतं

प्रिय काका,

हे पत्र तुम्हाला एकट्याला पाठवता आलं असतं. पण परवा आपल्या फोटोग्राफी ग्रुपच्या प्रदर्शनात त्या घुडखरांच्या, म्हणजे रानगाढवांच्या, फोटोपुढे थांबून जे जे लोक माझं कौतुक करून गेले, त्यांना अर्धीच गोष्ट कळली. फोटोखाली माझं एकटीचं नाव होतं. तुम्ही शेजारीच उभे होतात, तेव्हा मी काही बोलायला गेले तर म्हणालात, "क्षितिज अगदी सरळ आलंय बघ." आणि विषय संपवलात. तो मला संपवायचा नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

कच्छच्या छोट्या रणात जायचं ठरलं तेव्हा मी दोन वर्षांची भिशी त्या सहलीत घातली होती. लेकीची दहावी, सासूबाईंचं पथ्यपाणी, शाळेचे पेपर, या सगळ्यातून काढलेले पाच दिवस होते ते. तोवर माझी फोटोग्राफी म्हणजे पुण्याजवळचं कवडीपाट आणि फार तर भिगवण. आपण अकरा जण, अहमदाबादेपर्यंत रेल्वे, पुढे विरमगामवरून दसाडा. ट्रेनमध्ये रात्री सगळे आपापल्या लेन्स दाखवत होते आणि तुम्ही वरच्या बर्थवर गाढ झोपला होतात, एवढंच तुमच्याबद्दलचं पहिलं आठवतं. तोवर आपली ओळख नमस्कार करण्यापुरतीच होती.

पहिल्या दिवशी पहाटे उघड्या जीपमधून निघालो. जानेवारीचा वारा कानटोपीतूनही आत शिरत होता. वेड्या बाभळीची झुडपं मागे पडली आणि पुढे नुसती भेगाळलेली, सपाट जमीन. पावसाळ्यात इथे पाणी असतं, हे त्या जमिनीकडे बघून खरं वाटेना. उजाडलं आणि पहिला कळप दिसला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, आत काहीतरी कटकन वाजलं आणि पडदा काळा झाला. बॅटरी काढली, परत घातली. काही नाही. मी लेन्स काढायला गेले तर तुम्ही मागच्या सीटवरून माझा हात धरलात. "इथे उघडू नकोस. ही मिठाची धूळ आहे, आत गेली तर राहिलेलंही जाईल."

मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर रडूच आलं असतं. तुम्ही गळ्यातला पट्टा काढलात आणि तो माझ्या गळ्यात घातलात, कॅमेरा आणि त्यावरच्या त्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्ससकट. "माझं रण चारदा बघून झालंय. तुझं पहिलं आहे." मी नको नको म्हणत राहिले, तुम्ही तोवर मला फोकसचं बटण कुठे आहे ते दाखवत होतात.

जे फोटो काढतात त्यांना यातलं मोल वेगळं सांगायला नको. ग्रुपमध्ये माणसं डब्यातला शेवटचा घास देतात, जीपमधली पुढची जागा देतात. पण वर्षभर वाट पाहिलेल्या सफारीच्या पहिल्याच सकाळी स्वतःचा एकुलता एक कॅमेरा कुणी देत नाही. आणि तो एका सकाळीपुरता नव्हता. संध्याकाळी मी परत द्यायला आले तर तुम्ही चार्जर पण आणून दिलात. तिन्ही दिवस तुम्ही हात मोकळे ठेवून जीपमध्ये बसलात.

त्या मोकळ्या हातांनी तुम्ही मला काय काय दाखवलंत, ते लिहायला बसले तर वही पुरणार नाही. पांढुरक्या जमिनीवर कॅमेरा फसतो, त्याला उजेड जास्त वाटतो आणि प्राणी काळवंडून येतो, म्हणून उजेड एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, वर ठेवायचा, हे पहिल्या तासात शिकवलंत. नऊ-साडेनऊला लांबचे घुडखर पाण्यात उभे असल्यासारखे दिसायला लागले, पाय विरघळून गेलेले. बाकीचे फोकस बसत नाही म्हणून लेन्सला दोष देत होते. तुम्ही म्हणालात, "लेन्सचं काही चुकत नाही. जमीन तापली, तिच्यालगतची हवा हलते आहे. मृगजळ आहे ते. लाखाची लेन्स लावा, फोटो मऊच येणार. एक तर जवळ जायचं, नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबायचं." मृगजळ हा शब्द मी वर्षानुवर्षं मुलांना कवितेत शिकवत आले. तो डोळ्यांनी पाहिला तो तुमच्या शेजारी बसून.

खोकडाच्या शेपटीचं टोक काळं आणि वाळवंटी कोल्ह्याचं पांढरं, हेही तुम्हीच दाखवलंत. दुसऱ्या दिवशी बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलेला तो कोल्हा उठला, वळला आणि शेपटीचं पांढरं टोक दिसलं, तेव्हा मी जीपमध्ये ओरडणारच होते. तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात म्हणून तो पळाला नाही.

त्याच सकाळी बेटावर, म्हणजे रणातल्या उंचवट्यावर, थेपले खाताना तुम्ही सांगितलेले आकडे मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलेत. 1958 ते 1960 च्या सुमारास सुर्रा रोगाने घुडखर पटापट मेले, पुढे घोड्यांच्या आणखी एका साथीने घाला घातला आणि 1969 च्या गणतीत उरले होते फक्त 362. कच्छचं रण आणि त्याच्या आसपासचा मुलूख सोडला तर हा प्राणी रानात कुठेच उरलेला नाही. ते 362 गेले असते तर संपलंच होतं. 2024 च्या गणतीत ते 7,672 झाले. हे सांगताना तुमचा आवाज कापरा झाला होता, काका. मला ते फार आवडलं. त्यानंतर समोरचा प्रत्येक घुडखर मला वेगळाच दिसायला लागला.

आणि अगरियांची, म्हणजे रणात मीठ पिकवणाऱ्यांची, ती झोपडी. मिठागरांचे फोटो काढून सगळे जीपकडे वळले, तुम्ही मात्र तुमच्या मोडक्या गुजरातीत त्या ताईंशी बोलत बसलात. पाऊस ओसरला की ही कुटुंबं पोराबाळांसकट रणात येतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपाने वर काढतात, ते आगरात खेळवतात आणि उन्हाळ्यापर्यंत त्याचे जाड खडे बांधतात. वडागरू मीठ म्हणतात त्याला. त्या ताईंनी आपल्याला चहा दिला. रणात गोडं पाणी बाहेरून आणावं लागतं, त्यातला तो चहा होता. तुम्ही मला हळूच म्हणालात, "कॅमेरा खाली ठेव, आधी चहा पी." मी ठेवला. त्यांचा फोटो माझ्याकडे नाही, पण त्यांच्या पायांना पडलेल्या भेगा मी विसरणार नाही.

आता तो फोटो. तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ, आपली शेवटची फेरी. लांबवर सात-आठ माद्या आणि एक शिंगरू. ड्रायव्हरभाई सरळ त्यांच्या दिशेने गाडी घालायला निघाले, आपल्याला जवळून मिळावं म्हणूनच. तुम्ही थांबवलंत. सरळ अंगावर गेलं की कळप उधळतो, आणि हे तासाला साठ-सत्तरने पळतात, त्यांच्याबरोबर ते पिल्लूही पळत सुटेल. गाडी तिरकी नेऊन बंद करायला लावलीत. मग मला खाली उतरवून जमिनीवर पालथं झोपायला सांगितलंत आणि स्वतः गुडघ्याचा त्रास असताना माझ्या शेजारी येऊन बसलात.

चाळीस मिनिटं. खालची माती थंड व्हायला लागली होती, लांबचं थरथरणारं क्षितिज स्थिर झालं होतं. मी दोनदा बटणावर बोट ठेवलं, दोन्ही वेळा तुम्ही "नाही" म्हणालात. "कान बघ. मागे पडलेत, ती वैतागली आहे. कान पुढे झाले की तिला आपलं कुतूहल वाटतंय असं समज." शिंगरू चरत चरत आपल्या बाजूला आलं. मागोमाग आई आली, त्याच्या आणि आपल्यामध्ये येऊन उभी राहिली आणि मान वळवून बघायला लागली. सूर्य तिच्या मागे. आयाळीचा एकेक केस पेटल्यासारखा. कान पुढे झाले.

"आता," तुम्ही म्हणालात.

भिंतीवर लागलेला फोटो तो. कॅमेरा तुमचा, जागा तुमची, थांबणं तुमचं, क्षणही तुम्ही सांगितलेला. माझं त्यात बोट आहे. त्या बोटाचा मला अभिमान वाटतो, ते मी नाकारत नाही. पण ज्यांनी ज्यांनी मला "काय टिपलंय!" म्हटलं, त्यांनी तुम्हालाही म्हणायला हवं होतं.

पुण्याला परतल्यावर मी कॅमेरा पुसून, मिठाई घेऊन तुमच्या घरी आले. भाड्याचा विषय काढला तर काकू रागावल्या आणि तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "कार्ड रिकामं करून दिलंस ना?" तिन्ही दिवसांतला तुमचा स्वतःचा एकही फोटो त्या कार्डात नव्हता. घरी जाताना रिक्षात मला ते सुचलं आणि मग मात्र रडू आवरलं नाही.

काका, मनापासून आभार. प्रदर्शन अजून चार दिवस आहे. आज दुपारी तिथे जाऊन फोटोखालची पट्टी मी बदलून आले. आता त्यावर दोन नावं आहेत. रागावू नका.

माझा कॅमेरा दुरुस्त होऊन आला आहे. येत्या रविवारी सुप्याला मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारे बघायला जाऊ. पहाटे साडेचारला गाडी घेऊन तुमच्या फाटकापाशी येते. चहाचा थर्मास आणि बसायला जाड सतरंजी मी आणते. तुमचा कॅमेरा तेवढा तुमच्या गळ्यात असू द्या.

तुमची,
रणातली विद्यार्थिनी