ऊन, आहार आणि बंद झालेली एक गोळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत ‘कर्बोदकं सोडा, ऊन भाजणार नाही’ अशा अर्थाचा लेख आला. पाठोपाठ एका वाचकाचं नेमकं उलट सांगणारं पत्रही छापून आलं: कर्बोदकं सोडल्यापासून दहा मिनिटं उन्हात उभं राहिलं तरी मान लालबुंद होते. दोघंही खोटं बोलत असतील असं मला वाटत नाही. मी स्वतः दोन वर्षं लो-कार्ब पाळतोय आणि त्यातलं पहिलं वर्ष मीही लेखकमहाशयांच्याच पंथात होतो. पंथ का सोडला ते सांगायला हे पत्र. थोडं लांबणार आहे, काटछाट आपल्या हातात आहेच.

रक्तदाबासाठी मी बरीच वर्षं हायड्रोक्लोरोथायझाइड असलेली गोळी घेत होतो. लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणारी, जुनी, साधी गोळी. त्या काळात अर्धा तास बागेत खुरपं चालवलं की संध्याकाळी मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची कड आखल्यासारखी उमटायची. पट्ट्याखाली त्वचा जशीच्या तशी, आणि तिथून कोपरापर्यंत चरचरणारी लाली. रात्री चादरसुद्धा टोचायची. पुढे वजनासाठी लो-कार्ब सुरू केलं. पाचव्या महिन्यात लक्षात आलं की बाग तीच, वेळ तीच, ऊन तेच, पण हात अगदी शांत. झालं, भेटेल त्याला मी आहाराचा महिमा ऐकवायला लागलो.

माझं पितळ उघडं पडलं ते त्वचारोगतज्ज्ञांकडे, तेही पाठीवरचा एक तीळ दाखवायला गेलो असताना. तिथेही मी माझं आहारपुराण लावलं. बाईंनी ते ऐकून घेतलं, जुनी चिठ्ठी मागितली आणि एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ही गोळी कधी बंद झाली?” वजन उतरल्यावर रक्तदाबही उतरला होता, म्हणून तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनीच ती थांबवली होती. ही गोळी त्वचेला उन्हाच्या बाबतीत हळवी करते. डबीतल्या पत्रकात तसं छापलेलं असतं, पण ते पत्रक मी इतक्या वर्षांत कधी उलगडलंच नव्हतं. एका अर्थी आहारामुळेच गोळी सुटली, म्हणून थोडं श्रेय त्यालाही देतो. पण ऊन सोसण्याची ताकद मला जेवणातून मिळाली होती असं आता म्हणवत नाही.

माझ्या भाचीची गंमत याच्या बरोबर उलट. किटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ पूर्ण तोडणारा आहार, सुरू करून तिसरा आठवडा लागला आणि तिच्या छातीवर नि पाठीवर जाळीसारखं, प्रचंड खाजणारं पुरळ उठलं. बोलीभाषेत याला ‘किटो रॅश’ म्हणतात. वैद्यकातलं नाव प्रुरिगो पिगमेंटोसा, आणि त्याचं पहिलं वर्णन जपानमधल्या नागाशिमा यांनी १९७१ साली केलं. शरीर साखरेऐवजी चरबीपासून बनलेले कीटोन जाळायला लागलं की काही जणांना ते होतं आणि कर्बोदकं पुन्हा सुरू केली की बऱ्याचदा ओसरतं. मागे तपकिरी जाळी मात्र बरेच दिवस राहते. हे पुरळ मुख्यतः कपड्यांनी झाकलेल्या भागावर येतं, हेही ध्यानात घ्यायला हवं, म्हणजे उन्हाशी त्याचं भांडण नाही. डॉक्टरांनी तिला डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक दिलं. या पुरळावर ते चांगलं चालतं, पण ते घेणाऱ्याने उन्हापासून जपायचं असतं. ही बया गोळ्या चालू असताना मैत्रिणींबरोबर दिवसभर उघड्यावर भटकली आणि नाकाचा शेंडा नि हातांच्या पाठी भाजून घरी आली. आता ती शपथेवर सांगते की किटोमुळे ऊन बाधतं. मामा सांगत होता की किटोमुळे ऊन बाधत नाही. दोघांच्याही गोष्टीत खरं काम गोळीनेच केलं होतं.

अशी औषधं प्रामुख्याने यूव्हीए या अतिनील किरणांमुळे चेततात. हे किरण साध्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. त्यामुळे ‘मी तर गाडीतच होते’ या म्हणण्याला फारसा अर्थ उरत नाही. साधं भाजणं हे मुख्यतः यूव्हीबी या दुसऱ्या अतिनील किरणांचं काम, आणि त्याला काच बऱ्यापैकी अडवते.

आता लेखाकडे. लेखातला युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. ऊन त्वचेच्या पेशींतल्या डीएनएवर आदळतं, शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात, बिघडलेल्या पेशी हाकाटी पिटतात, प्रोस्टाग्लँडिनसारखी दाहक द्रव्यं सुटतात, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि साधारण बारा ते चोवीस तासांत लाली कळसाला पोचते. ही दाहक द्रव्यं पेशींच्या आवरणातल्या स्निग्धाम्लांपासून बनतात, आणि आवरणात कोणती स्निग्धाम्लं बसणार हे बऱ्याच अंशी आपण काय खातो यावर ठरतं. म्हणजे ताटाचा लालीशी काहीच संबंध नाही असं म्हणायची सोय नाही. कीटोनांपैकी बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट दाहाची एक कळ दाबून धरतं, हेही २०१५ साली प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

पण माणसांवर मोजलेलं काय आहे? जर्मनीत २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही जणांनी रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलाबरोबर खाल्ली. चौथ्या आठवड्यात काही फरक नव्हता, दहाव्या आठवड्यात अतिनील दिव्याने आणलेली लाली ४० टक्क्यांनी कमी भरली. २००३ सालच्या एका ब्रिटिश प्रयोगात माशांच्या तेलातलं ईपीए हे स्निग्धाम्ल रोज ४ ग्रॅम, असं तीन महिने दिलं. लाली उमटायला लागणारी किरणांची मात्रा सरासरी ३६ वरून ४९ मिलिज्यूलवर गेली. आकडा भारदस्त वाटतो, म्हणून मी घरच्या घरी हिशोब मांडला: ज्याची कातडी वीस मिनिटांत लाल व्हायची, ती सत्तावीस मिनिटांत होईल. तीन महिने कॅप्सूल गिळून पदरात सात मिनिटं! आणि या दोन्ही प्रयोगांत कर्बोदकं कोणी कमी केलीच नव्हती.

लो-कार्बमध्ये स्निग्धांश वाढतो, त्या बाजूचा पुरावा तर लेखकाला अडचणीचाच ठरेल. १९९४ साली अमेरिकेत त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ७६ रुग्णांवर एक चाचणी झाली. निम्म्यांच्या आहारातला स्निग्धांश एकूण उष्मांकाच्या २० टक्क्यांवर आणला, बाकीचे नेहमीसारखं खात राहिले. दोन वर्षांत उन्हाने येणारे खरखरीत कर्करोगपूर्व चट्टे नेहमीसारखं खाणाऱ्यांत सरासरी १०, तर कमी स्निग्धांश घेणाऱ्यांत ३ नव्याने उगवले. लगेच तुपातेलावर बहिष्कार टाकायची घाई मात्र नको. पुढे ४८,८३५ स्त्रियांवरच्या कितीतरी मोठ्या अमेरिकी चाचणीत कमी स्निग्धांशाने त्वचेच्या कर्करोगाचं एकूण प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. एका आकड्यावर उडी मारली की दुसरा पाय ओढतो, तो असा.

आहाराने खरोखरच त्वचा उन्हाला हळवी होते याचं इतिहासातलं सर्वात ठळक उदाहरण म्हणजे पेलाग्रा, आणि तो कर्बोदकं सोडणाऱ्यांना नव्हे, तर जवळपास फक्त मक्यावर जगणाऱ्या गरिबांना व्हायचा. अठराव्या शतकात स्पेनमधल्या गास्पार कासाल यांनी त्याचं वर्णन केलं. मानेभोवती उघड्या भागावर उठणाऱ्या पट्ट्याला आजही ‘कासालचा हार’ म्हणतात. कारण नायसिन या जीवनसत्त्वाची कमतरता. मांस, मासे, शेंगदाणे यांत ते भरपूर असतं, म्हणजे नीट आखलेल्या लो-कार्बमध्ये त्याची वाण पडायचं कारण नाही. ज्यांचं लो-कार्ब म्हणजे निव्वळ अर्धपोटी राहणं असतं, त्यांची गोष्ट वेगळी.

कर्बोदकं तोडणं आणि ऊन यांची थेट गाठ पडते ती एका दुर्मीळ आनुवंशिक आजारात, आणि लेखात त्याचा उल्लेख हवा होता. यकृतात हीम नावाचं द्रव्य टप्प्याटप्प्याने बनतं. त्यातला एखादा टप्पा जन्मतः कमजोर असला तर त्या आजारांना पोर्फिरिया म्हणतात. उपास घडला किंवा कर्बोदकं एकदम तोडली की या साखळीच्या तोंडाशी असलेलं विकर जोर धरतं, पुढचा टप्पा तुंबतो आणि पोटदुखीचा भयंकर झटका येऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णांना डॉक्टर कर्बोदकं तोडू देत नाहीत, आणि झटक्यात ग्लुकोज दिलं जातं. त्यांतल्या व्हेरिगेट पोर्फिरियासारख्या प्रकारात साठलेली पोर्फिरिनं, म्हणजे हीम बनताना मधल्या टप्प्यांत तयार होणारी द्रव्यं, उजेडाने चेततात आणि हातांच्या पाठीवर फोड येतात. तो उजेड बराचसा दिसणारा, जांभळ्या टोकाचा असतो, त्यामुळे नेहमीचं सनस्क्रीनही तिथे अपुरं पडतं. किटो सुरू केल्यावर पोटात कळा, गडद लालसर लघवी आणि उन्हात फोड असं कोणाला दिसलं तर लेख वाचत बसू नये, डॉक्टरांकडे जावं.

जाता जाता सेलरी या भाजीबद्दल. कर्बोदकं कमी म्हणून तिचा रस पेले भरभरून पिण्याची टूम आहे. सेलरीत सोरालेन ही उन्हात चेतणारी द्रव्यं असतात. सेलरीचा कंद भरपूर खाऊन टॅनिंगच्या दिव्यांखाली गेलेल्या एका बाईला गंभीर भाजल्याची नोंद १९९० साली वैद्यकीय नियतकालिकात आहे. चार काड्या चावून खाल्ल्याने काही बिघडत नाही.

आपल्या भाषेचाही थोडा घोळ आहे. ‘ऊन लागलं’ म्हणताना आपण गरगरणंही सांगतो आणि कातडी चरचरणंही. कर्बोदकं सोडली की पहिल्या एक-दोन आठवड्यांत शरीरातला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा उपसला जातो, त्याच्याबरोबर पाणी आणि मीठही जातं. तेव्हा उन्हात चक्कर येते, डोकं जड होतं. हे मीठ-पाण्याचं दुखणं आहे, कातडीचं नाही. काही उलटसुलट अनुभव यातूनच जन्मतात अशी माझी अटकळ आहे.

लेखातल्या ज्या वाक्याने मला लिहायला बसवलं ते शेवटचं होतं: ‘आता सनस्क्रीन फेकून द्या.’ लाली कमी उमटली म्हणजे डीएनएला इजा कमी झाली असं धरून चालता येत नाही. दाहशामक औषध लावूनही लाली दबते, पण पेशीत जे चिकटायचं ते चिकटून बसलेलं असतं. घरातली घंटा काढून ठेवली तर आवाज बंद होईल, दारातला माणूस जाणार नाही. सावळ्या त्वचेच्या माणसाला तर लाली अनेकदा दिसतच नाही, नुसती चरचर जाणवते, त्यामुळे ‘मला भाजत नाही’ हा निर्वाळा त्याने जरा जपूनच द्यावा. ते एक वाक्य आपण चौकटीत खुलासा छापून मागे घ्यावं ही विनंती.

आणि ज्या वाचकांची मान लाल होते त्यांना माझ्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंचाच प्रश्न विचारतो: आहार बदलल्याच्या आगेमागे कोणती गोळी सुरू झाली, किंवा कोणती बंद झाली?

कळावे,
आपला,
दोन वर्षं लो-कार्ब पाळणारा एक वाचक