दहा नंबरचा पाना

बॅटरीवाले काका, नमस्कार.

नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांदेखत लिहितोय. बडोद्याच्या खंडेराव मार्केटकडून स्कूटरवर, पायाशी एक बॅटरी आणि केबलची पिशवी ठेवून आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात आलेले तुम्हीच.

त्या दिवशी साडेनऊला नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि आमची हायब्रिड गाडी चालू होईना. बटण दाबलं की टक-टक, डॅशबोर्डवरचे दिवे लुकलुकायचे, की गप्प. सर्व्हिस सेंटरवाल्याने गाडी न बघता फोनवरच निकाल दिला: "मोठी बॅटरी गेली असणार, टो करून आणा, खर्च लाखात." नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला, "हायब्रिडला आपण हात लावत नाही." आणि मी? मी नानांवर ओरडलो. आदल्या संध्याकाळी दोन तास ते गाडीत बसून नाट्यगीतं ऐकत होते. पेट्रोल वाचावं म्हणून गाडी चालू न करता. ८२ वर्षांचा माणूस पायरीवर बसून धोतराचा काठ चोळत होता.

तुम्ही गाडीतल्या छोट्या बॅटरीला मीटर लावलात. आकडा ९.४ व्होल्ट, हवा १२.६. म्हणालात, "मोठी बॅटरी भरलेली असेल हो, पण तिचे रिले, म्हणजे तिची वीज जोडणारे स्विच, ओढायला ही छोटीच लागते. कोठार भरलंय, किल्ली हरवलीय." मोठ्या बॅटरीच्या केशरी वायरींपासून मला लांब उभं केलंत, आपली बॅटरी जोडलीत आणि गाडी चालू झाल्याचा, रेडीचा दिवा लागला.

तेवढ्यात नानांनी विचारलं, "माझ्यामुळे झालं का हो?"

तुम्ही दहा नंबरचा पाना काढलात, टर्मिनलच्या नटावर बसवलात, जोर लावलात. "छे हो नाना, हे ढिलं होतं. पावसाळ्यात होतं असं."

काका, मी शेजारीच उभा होतो. पाना तसूभरही फिरला नाही. नट आधीच घट्ट होता.

नानांनी धोतराचा काठ सोडला. लाख सांगणाऱ्याला हे सुचलं नसतं. मला, पोटच्या पोराला, तरी कुठे सुचलं? निघताना २०० रुपये घेतलेत आणि फाटकापाशी हळूच म्हणालात, "गाणी ऐकू द्या त्यांना. फक्त ब्रेक दाबून रेडी करून द्या, मग ही आपोआप चार्ज होत राहते. आणि गाडी उघड्यावर ठेवा, मध्येच इंजिन चालू झालं तर धूर कोंडायला नको." बडोद्यात अजून अशी माणसं आहेत, एवढ्या एका गोष्टीवर इथला उन्हाळा सोसता येतो.

डोळ्यात थेंब चालू आहेत, मोबाइल बंद, त्यामुळे नाना हे वाचणार नाहीत. ऑपरेशन छान झालं. येईल त्याला ते टर्मिनलची गोष्ट सांगतात. काल तर समोरच्या बिऱ्हाडातल्या जोशीकाकूंना त्यांच्या स्कूटीचे नट तपासून घ्यायला लावले.