वर्षावनाकडे निघालेल्या लेकीस

प्रिय ईरा,
अनेक आशीर्वाद.

तीन महिने एका संस्थेची स्वयंसेविका म्हणून झाडं लावायला आणि तिथल्या शाळेत शिकवायला निघालीस, पण काल फोनवर तू जंगलाबद्दल अर्धा तास बोललीस आणि शाळेबद्दल एक वाक्य. "शाळेत काय, मुलांना शिकवायचं." मी गप्प बसले. पण तू ज्या शाळेत पाहुणी म्हणून जाशील, तसल्याच आडबाजूच्या शाळेत मी तीस वर्षं बाई होते. स्वयंसेवकांची वाट पाहायचे, आणि खरं सांगते, कधी कधी ते कधी जातात याचीही.

एकदा एक मुलगा पंधरा दिवसांसाठी आला. मनमिळाऊ, पोरांत रमणारा. पहिल्याच तासाला त्याने हातवारे करत एक इंग्रजी बडबडगीत घेतलं. दुसऱ्या कडव्याला वर्ग त्याच्या पुढे गेला! काय चटकन शिकतात, म्हणून तो हरखला. ते गाणं मुलं त्या वर्षी चौथ्यांदा शिकत होती. आधीच्या तिघांनीही तेच घेतलं होतं, आणि काय घेतलं ते एकानेही लिहून ठेवलं नव्हतं. त्याचा हिरमोड नको म्हणून मुलं काही बोलली नाहीत. मीही नाही. बुडालेला भागाकार मग मी जादा तास घेऊन उरकला.

म्हणून गेल्या गेल्या फळ्यापाशी उभी राहू नकोस. बाईंना किंवा गुरुजींना विचार, गाडी कुठे अडलीय. मागे पडलेल्या दोन-तीन पोरांजवळ बसून रोज वाचून घे. घरची भाषा एक आणि पुस्तकाची दुसरी, अशी मुलं तिथे भेटतील. ती गप्प असली की मठ्ठ ठरतात. त्यांच्या भाषेतले वीस शब्द आधी तू शीक. तुझे उच्चार ऐकून ती हसतील, हसू दे.

ॲमेझॉनचं जंगल की आग्नेय आशियातलं बोर्निओ बेट, हे तुझं अजून ठरत नाहीये. ॲमेझॉन ठरलं तर नदीचं वेळापत्रक विचारून तारखा घे. ब्राझीलमधल्या मानौस शहराजवळ पाणी वर्षाकाठी सरासरी दहा मीटर चढतं-उतरतं. काठच्या शाळांना मुलं होडीने येतात, आणि पुरात शाळा चालेल की नाही हे पाणी ठरवतं. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस निघण्याच्या निदान दहा दिवस आधी घे. तिचा दाखला २०१६ पासून जन्मभर चालतो, तेव्हा तो कागद जपून ठेव.

मला विचारशील तर बोर्निओ. तिथल्या डिप्टेरोकार्प कुळातल्या उंच झाडांची गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही. ती दरवर्षी फळत नाहीत. काही वर्षं नुसती उभी राहतात आणि मग एका हंगामात अख्खं जंगल एकदम फळतं. पंख लावलेल्या बिया भिरभिरत खाली येतात. ही बी धान्यासारखी वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाही, वाळली की मेली. थोड्या दिवसांत वेचून रोपवाटिकेत लावावी लागते. तो हंगाम तुझ्या वाट्याला येईलच असं नाही. पण कोणतं झाड कधी फुललं, बी कुठे पडली, किती रुजली, हे कुणीतरी वहीत टिपलेलं असेल तरच पुढच्या वेळी माणसं तयारीत असतील. तुझ्या तीन महिन्यांतली ती पानं कोरी राहायला नकोत.

रोपं लावतानाचा फोटो सगळ्यांनाच हवा असतो. निंदणीचा कुणी काढत नाही. उघड्यावर लावलेल्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं गवत आणि वेली घुसमटवतात. ती काढायला माणूस नसेल तर लावणं फुकट. पिशवीतलं रोप लावायच्या आधी मुळं बघ. फार दिवस पिशवीत राहिलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल फिरून दोरीच्या वेटोळ्यासारखी होतात. तसंच लावलं तर वरून हिरवं दिसतं आणि पुढे कधीतरी वाऱ्याने कलंडतं. शाळेच्या अंगणात छोटी रोपवाटिका असेल तर मुलांकडून रोपांची मोजणी करून घे. वजाबाकीही होते, आणि कुठलं बी कुणी खाल्लं हे पोरं तुलाच सांगतील.

संस्थेने पोलिसांचा दाखला मागितला म्हणून तू वैतागलीस. मला उलट हायसं वाटलं. अनोळखी माणसाला चौकशीशिवाय मुलांजवळ सोडणाऱ्या संस्थेकडे तुला मी पाठवलंच नसतं. आणि मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नकोस.

बाबा जळवांच्या धास्तीने हैराण आहेत. रोज नवा उपाय सांगतात. मी लांब घट्ट विणीचे मोजे काढून ठेवलेत, चार जोड. त्यांच्याखाली दोन कोऱ्या वह्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या. पेनाची शाई दमट हवेत पसरते, म्हणून पेन्सिली घेऊन जा. एक वही शाळेत ठेवून ये, एक रोपवाटिकेत.

तुझी,
आई