स्वस्त दाढीसंचाची दखल घ्यावी

माननीय संपादक महोदय,

ब्रश, साबणाची वडी आणि दुधारी पात्याचे रेझर असा किराणा दुकानातला स्वस्त संच मी वापरून पाहिला आणि तो मनापासून आवडला. ओला ब्रश निथळून वडीवर गोल फिरवत राहावे आणि फेस सायीसारखा दाट झाला, की तो गालावर चोळावा. कारण कोमट पाण्याने व फेसाने केस मऊ पडले की पाते ओढ घेत नाही. पाते त्वचेशी सुमारे ३० अंशांच्या कोनात राहील असे रेझर धरून, दाब न देता, केस वाढतात त्या दिशेने फिरवावे. अमेरिकी उद्योजक किंग जिलेट यांना १९०४ मध्ये पेटंट मिळालेली ही बदलत्या पात्याची रचना आजही चोख आहे, शिवाय फेकावे लागते ते फक्त पातळ पोलादी पाते, प्लॅस्टिकची अख्खी मूठ नव्हे. ब्रशचे केस मात्र सुरुवातीला गळतात. नवशिक्यांसाठी वापराची पद्धत उत्पादकांनी वेष्टनावर ठळक छापावी, ही विनंती.

— एक वाचक