आई-बाबा, तिकीट काढलंय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर सांगायला तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा आईने "जेवलीस का" विचारलं आणि विषय राहिला. म्हणून लिहितेय. मार्चमध्ये मी बारा दिवस न्यूझीलंडला जातेय. रोटोरुआला क्रँकवर्क्स असतं, माउंटन बाइकिंगचा उत्सव. तिकीट काढलंय, नाव नोंदवलंय, रजाही मिळाली. परवानगी मागत नाहीये हे कळलंच असेल. रागावा, पण दोघं एकदम नको.

बाबा, तुमची अँजिओप्लास्टी होऊन सातच महिने झालेत, म्हणून दोन महिने मी तिकीट काढलंच नव्हतं. मग तुमचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना एकटीच भेटून आले. ते म्हणाले, "खुशाल जा." पैसेही माझेच आहेत, एफडी मोडलेली नाही. आणि हे कधीतरी करायचंच तर गुडघे धड आहेत तोवर केलेलं बरं, नाही का?

हा जत्रेसारखाच प्रकार आहे. 2004 साली कॅनडात व्हिस्लरला सुरू झाला, रोटोरुआला 2015 पासून. सायकलसकट केबल कारने डोंगरावर जायचं आणि उतरत यायचं. हवेत कोलांट्या मारणारे वेगळे, त्यांना मी कुंपणाबाहेरून बघणार. मी हौशी गटात, पम्प ट्रॅकवर. तिथे पॅडल मारायचंच नसतं. उंचवट्यावर अंग हलकं करायचं, उतारावर दाबायचं, सायकल आपोआप पळते. एक उताराची शर्यतही आहे. छोटीशी. पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घेतलंय.

सिंहगड विसरले नाहीये, आई. थंडीत खांदा आठवण करून देतोच. पण त्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेलीस तेव्हा बाबांनी हळूच काय विचारलं होतं, सांगू? "सायकल बरी आहे ना?" लहानपणी मी गटारात पडले तेव्हाही आधी चाक फिरवून रिम आउट झाली का ते बघितलं होतं आणि मग मला उचललं होतं. तेव्हा तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हतीस. मला मात्र रडायचं राहूनच गेलं होतं.

राहायच्या जागी स्वयंपाकघर आहे, भात मी लावेन. मेतकूट, पोहे नेतेय. तुपातले लाडू पाठवू नकोस, मध तर मुळीच नको. विमानतळावर फार कडक असतात, न सांगता काही नेलं तर जागेवर 400 डॉलर दंड. सायकलच्या टायरला मातीही चालत नाही. रोज रात्री जुन्या टूथब्रशने खाचा घासतेय, तू देवाची भांडी घासतेस तशी. गावात गरम पाण्याचे झरे आहेत, सगळीकडे गंधकाचा वास. वज्रेश्वरीला तू नाक दाबून बसली होतीस, तस्सा. तुझ्या गुडघ्यांना मानवलं असतं गं.

तिथलं घड्याळ साडेसात तास पुढे आहे. मी तुमच्या सकाळी अकराला फोन करेन. संध्याकाळी सातला तुम्ही करू नका, तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात. गोळ्यांचा डबा रविवारी भरायचा. लोणचं बंद म्हणजे बंद, "खार तेवढा" हेसुद्धा नाही. टाकी बघायला बाबांनी गच्चीवर चढायचं नाही, दादा शनिवारी येईल.

आणि बाबा, जिन्याखालच्या सायकलमध्ये हवा भरायला वाकू नका. मी आल्यावर भरते.

तुमची,
ठमी