सभेला जायला भीती नाही, दाढ दाखवायला मात्र कोरोना

मा. संपादक साहेब, नमस्कार.

जानेवारी 2022 उजाडला, परत वीकेंड कर्फ्यू लागलाय आणि आमच्या गल्लीत परत तेच ऐकू येतंय, "दाढ दुखतेय खरं आता नको, हे ओमिक्रॉन जाऊ दे मग बघू." (ओमिक्रॉन म्हणजे कोरोनाचाच नवा अवतार.) 2020 ला पण हेच म्हणत होतो, 2021 ला पण हेच. मी काही डॉक्टर नाही, बेळगावच्या शहापुरात छोटं दुकान आहे, पण या दोन वर्षांत माझी एक आणि आमच्या अक्काची एक अशा दोन दाढा गेल्या म्हणून लिहायला बसलो.

आधी माझंच सांगतो. जून 2020 मध्ये खालच्या दाढेला थंड पाणी लागलं की कळ यायची. दातांच्या डॉक्टरांना व्हॉट्सअॅपवर टॉर्च मारून फोटो पाठवला, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की दुखायचं थांबलं तरी या, कीड गोळीनं जात नाही. गोळीनं थांबलं, मी गेलो नाही. मग गणपती आले, दिवाळी आली, मधे कधीतरी दुखायचं पूर्णच बंद झालं आणि मी बायकोला म्हटलं बघ, आपोआप बरं झालं की. आतली नसच मेली होती हे आता कळतंय. फेब्रुवारी 2021 ला एका रात्रीत गाल लिंबाएवढा सुजला, मग पळालो. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा कळ आली तेव्हाच आला असता तर सिमेंट भरून भागलं असतं." काढावीच लागली.

बरं, भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. न्हाव्याकडे निदान नाकाला तरी मास्क ठेवता येतो, इथं आ वासून बसायचं, डॉक्टरांचं तोंड आपल्यापासून वीतभर आणि ते गर्रर्र फिरणारं मशीन पाण्याचा फवारा थुंकीसकट हवेत उडवतं. म्हणूनच मे 2020 मध्ये केंद्रानं दातांच्या डॉक्टरांसाठी वेगळे नियम काढले, कंटेनमेंट झोनमध्ये, म्हणजे सील केलेल्या भागात, दवाखाना बंद, जास्त पेशंट असलेल्या रेड झोनला फक्त इमर्जन्सी. ऑगस्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं (डब्ल्यूएचओ) पण सांगितलं की साथ पसरलीय तिथं रुटीन कामं पुढे ढकला. आता त्यात 'रुटीन' हा शब्द होता साहेब, सूज, पू, न थांबणारं रक्त याला कुणी थांबा म्हटलं नव्हतं, आम्ही तेवढा एक शब्द गाळून बाकीचं ऐकलं.

आणि ही भीती नेमकी त्या खुर्चीपुरतीच कशी? सप्टेंबर 2020 मध्ये आपले बेळगावचे खासदार सुरेश अंगडी कोरोनानं गेले, केंद्रात मंत्री असलेला माणूस. त्यांच्या जागेची पोटनिवडणूक 17 एप्रिल 2021 ला, ऐन दुसऱ्या लाटेत, आणि कोरोनानं रिकाम्या झालेल्या जागेच्या प्रचाराला आम्ही मास्क हनुवटीला अडकवून खांद्याला खांदा लावून उभे. मी पण होतो. दाढ काढून तेव्हा दोन महिने पण झाले नव्हते.

मला विचाराल तर निम्म्या लोकांना कोरोनाची नाही, सुईची भीती. माझा एक मित्र उघड म्हणायचा, "कोरोना आला म्हणून सुटलो बघ, नाहीतर बायकोनं ओढत नेलं असतं." लवंग दाबायची, मिश्री लावायची (आमच्या निपाणीकडची तंबाखू, दात दुखायला तीच कारण आणि तीच औषध!) आणि दिवस काढायचे. बाकीच्यांचं वेगळं. दारात थर्मल गन लावून ताप निघाला तर उचलून नेतील ही धास्ती, आणि पीपीई किटचे जादा पैसे, जे आधी फोनवर कुणी सांगत नाही आणि बिल हातात आल्यावर कळतात. हा राग मात्र मला रास्त वाटतो.

अक्काची गोष्ट तर सीमाभागातलीच. ती महाराष्ट्रात चंदगड तालुक्यात दिलेली, दवाखाना कर्नाटकात बेळगावचा. मार्च 2020 च्या सुरुवातीला रूट कॅनल अर्धं झालं, वर कच्चं सिमेंट भरून पंधरा दिवसांनी बोलावलं होतं, तेवढ्यात लॉकडाऊन. जूनमध्ये वाट उघडली तर महाराष्ट्रातनं येणाऱ्याला कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू वेबसाइटवर नोंदणी आणि सात दिवस सरकारी क्वारंटाइन. एका दाढेसाठी सात दिवस कोण राहणार हो हॉस्टेलात? नियम ढिले झाले तेव्हा तिलाच यायचं नव्हतं, सिमेंट कधीच पडून गेलेलं, जेवताना दाढ उभी चिरली.

2021 च्या मेमध्ये उलटंच झालं. काळ्या बुरशीच्या बातम्या आल्या, वरचे दात हलतात, गाल बधिर होतो म्हणून, तर ज्यांना शुगर नाही, कोरोना झाला नाही, स्टिरॉइड घेतलं नाही ते पण आरशासमोर टॉर्च घेऊन दात हलवून बघायला लागले. तेव्हा बरे सगळे धावले दवाखान्यात.

डॉक्टरांना माझी एवढीच विनंती आहे की किटचे किती, कुठलं काम आत्ता करता आणि कुठलं नंतर, हे फोनवरच सांगा आणि दारावर कन्नडबरोबर मराठीत पण लिहा, येळ्ळूर-कडोलीसारख्या गावांतली म्हातारी माणसं बोर्ड वाचता येत नाही म्हणून पायरीवरनं परत जाताना मी पाहिलीत. आणि पेशंटनी पण ताप-खोकला लपवू नये, कंपाउंडरला पण घरी पोरंबाळं आहेत.

परवा अक्काचा फोन आलेला, दुसऱ्या बाजूची दाढ हलतेय आणि हद्दीवर परत कोरोनाच्या आरटीपीसीआर चाचणीचा रिपोर्ट मागायला लागलेत म्हणे, काय करू? म्हटलं आधी डॉक्टरला फोन लाव. लावला तिनं. रिपोर्ट काढून सोमवारी येतेय.

आपला एक वाचक,
शहापूर, बेळगाव
जानेवारी 2022